'चार्ज' या शब्दाचे मराठी पर्याय : एक अर्थविचार

अनेकार्थी शब्दाचे भाषांतर करताना कोशातील पहिला पर्याय स्वीकारण्याकडे नवोदित भाषांतरकाराचा कल असतो. ही पद्धती किती अपुरी आहे, हे 'चार्ज' या इंग्रजी शब्दावरून स्पष्ट होते. नांदेड जिल्ह्यातील लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या शेतकऱ्याला हा शब्द एकाच दिवशी चार ठिकाणी भेटू शकतो. सातबाऱ्यावर तो 'बोजा' असतो, वीजबिलात 'आकार', न्यायालयात 'दोषारोप', तर शाळेत प्रभारी मुख्याध्यापकाच्या रूपाने 'प्रभार'.

या शब्दाचे मूळ गाडीवाचक लॅटिन शब्दात असून 'गाडीवर ओझे लादणे' हा त्याचा आरंभीचा अर्थ होय. पुढे हे ओझे कधी कर्जाचे, कधी जबाबदारीचे, कधी आरोपाचे झाले. मराठीनेही हीच कल्पना निरनिराळ्या शब्दांतून व्यक्त केली आहे. 'बोजा' आणि 'कार्यभार' यांत ती उघड दिसते. 'आरोप' या संस्कृत शब्दाचाही मूलार्थ 'वर चढवणे, ठेवणे' असाच आहे. म्हणजे पर्याय भिन्न असले तरी त्यांपैकी काहींच्या तळाशी असलेली प्रतिमा समान आहे. 'आकार' मात्र आकारणीच्या कल्पनेतून आला आहे, आणि 'लाठीमार' या शब्दात तर ओझ्याचा मागमूसही उरत नाही. तेथे केवळ कृती अनुवादित झाली आहे.

पर्याय निश्चित करताना शेजारचे शब्दही विचारात घ्यावे लागतात. विजेच्या संदर्भात 'भार' हा शब्द 'लोड'साठी रूढ झाला असून 'भारनियमन' हा त्याचा सर्वपरिचित आविष्कार आहे. त्यामुळे विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतील 'विद्युत प्रभार' या संज्ञेतील उपसर्ग निरर्थक ठरत नाही. तो दोन संकल्पना वेगळ्या राखतो. परंतु त्याच वेळी 'प्रभारी अधिकारी' आणि 'प्रभारित कण' हे एकाच शब्दाचे वंशज ठरतात. इंग्रजीतील अनेकार्थता टाळू पाहणाऱ्या मराठीने येथे स्वतःची नवी अनेकार्थता निर्माण केली आहे.

मराठवाड्याच्या बाबतीत या प्रश्नाला ऐतिहासिक बाजूही आहे. निजामी राजवटीत येथील दप्तर उर्दूत चालत असे. हैदराबादेत १९१७ साली स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने उस्मानिया विद्यापीठासाठी इंग्रजी ज्ञानविषयांची उर्दू परिभाषा घडविली. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य व भाषा संचालनालय अस्तित्वात आले. अल्पावधीतच येथील सामान्य माणसाला कचेरीची नवी भाषा शिकावी लागली. कागदावरील शब्द न कळल्यास हानी त्याचीच होते.

'दोषारोप' या संज्ञेत ही हानी संभवते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, न्यायालयाने दोषारोप ठेवणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. तेथून खटल्याचा पुढील टप्पा सुरू होतो. तथापि सामासिक शब्दातील 'दोष' हे पद सामान्य वाचकास अपराध निश्चित झाल्याचा भास घडविते. याउलट 'बोजा' हा शब्द शेतकऱ्यास तत्काळ उमगतो. कर्ज फिटल्यावर 'बोजा कमी करणे' हा प्रयोगही त्याच्या अनुभवाशी जुळतो. तेथे 'प्रभार' लिहिल्यास संज्ञा एकरूप होईल. परंतु आपल्या जमिनीवर काय नोंदले आहे, हे खातेदारास समजणार नाही.

तात्पर्य, एका शब्दासाठी एकच प्रतिशब्द हा आग्रह शास्त्रीय परिभाषेत एका ज्ञानशाखेपुरता समर्थनीय आहे. व्यवहारभाषेत तो घातक ठरतो. भाषांतराच्या अध्यापनात म्हणूनच विद्यार्थ्यांपुढे सुटा शब्द न ठेवता सातबारा, वीजबिल आणि न्यायालयीन समन्स यांतील पूर्ण वाक्ये ठेवणे अधिक उचित होय. तो कागद कोणाच्या हाती पडणार आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून पर्यायाची निवड पूर्ण होत नाही.