साक्ष तेवढी मागू नका

मंडळीच्या तरुणांची मिशन ट्रिप ठरली की यादीत एखादं व्यसनमुक्ती केंद्र असतंच, आणि तिथल्या कार्यक्रमाचा साचाही ठरून गेला आहे: दोन गीतं, छोटा संदेश, फळवाटप आणि शेवटी दाखल असलेल्यांपैकी एकाला उभं करून त्याची साक्ष. बुलढाणा, खामगाव, चिखलीकडून अशा भेटीला निघणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बाकीचं सगळं करा, ही साक्ष तेवढी मागू नका. तुमच्या सेवाभावाबद्दल मला शंका नाही. अलायन्स मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आलं, तेव्हापासून आजारी माणसाची विचारपूस करणं इथल्या मंडळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. पण विचारपूस वेगळी आणि त्याला चारचौघांत बोलायला लावणं वेगळं.

आधी आजार काय आहे ते पाहू. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की पहिल्या एक-दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. शरीर सावरल्यावरही झोप न लागणं, चिडचिड आणि ओढ कितीतरी आठवडे टिकते. अशा माणसाला पाहुण्यांसमोर उभं केलं, तर समोरच्यांना जे ऐकायचं आहे तेच तो बोलणार: ‘प्रार्थनेनं सुटली.’ पुन्हा पिणं हा या आजारात नेहमी घडणारा प्रकार आहे. साक्ष दिलेला माणूस घसरला, की त्याला वाटतं आपण देवाशी आणि मंडळीशी खोटं बोललो. मग तो लपतो आणि ज्या केंद्रात मदत मिळाली असती तिथेच जायचं टाळतो. ऐकणाऱ्यांवरचा परिणाम तर याहून धोक्याचा. ते गावी येऊन पिणाऱ्या काकाला सांगतात, ‘आजपासून बंद, आपण प्रार्थना करू.’ प्रार्थना जरूर करा, पण आधी डॉक्टर गाठा.

त्यात आपला जिल्हा लहान. मेहकरच्या माणसाचा सासुरवाडीचा धागा मलकापुरात निघतो. साक्षीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर गेला की तो माणूस घरी पोचायच्या आत गावभर झालेला असतो, आणि त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या बोलण्यांतही तोच विषय निघतो. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही आपल्या कक्षेत घेतो. उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचं छायाचित्र माध्यमांना देण्याची मनाई करतो. पाद्री आणि पाहुण्यांसमोर हातपाय थरथरत असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणायला मी तयार नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की साक्ष देणं ही तर शास्त्राची आज्ञा. मार्कच्या शुभवर्तमानात भूतग्रस्त बरा झाल्यावर येशू त्याला स्वतःच्या घरी, आपल्या माणसांकडे जाऊन सांगायला लावतो, हे खरं. पण त्याच शुभवर्तमानात बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला तो बजावतो, की कोणाला सांगू नकोस, आधी याजकाला दाखव. म्हणजे कोणी, कुठे, केव्हा बोलावं याचा विवेक तिथेही आहे. दुसरा आक्षेप अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा: एएमध्ये सगळे आपापली कहाणी सांगतातच ना? सांगतात, पण ऐकणारे त्याच वाटेवरचे असतात. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटातूनच निघाली आणि तरीही निनावीपण तिने आपल्या परंपरेचा पाया मानला.

उरतो दात्यांचा प्रश्न. काम दिसल्याशिवाय पैसा कसा येणार, असं केंद्रवालेच म्हणतात. काम दाखवावं, माणूस कशाला? फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’चंच पाहा. एएच्या बारा पायऱ्यांना त्यांनी अय्यंगार योगाची जोड दिली. पाहुण्यानं समजून घ्यावी ती ही पद्धत. कुठल्याही केंद्रात गेलात तर समुपदेशकांशी बोला. रात्री डॉक्टर असतात का, बायको-आईसाठी वेगळी बैठक होते का, घरी सोडल्यावर पाठपुरावा कोण करतं, हे विचारा. साक्ष हवीच असेल तर जो वर्षानुवर्षं व्यसनाविना आहे आणि आपणहून बोलायला तयार आहे, त्याची ऐका.

आणि परत आल्यावर आपल्या मंडळीच्या हॉलची किल्ली आठवड्यातून एक संध्याकाळ एएच्या गटाला द्या. कोणत्याही धर्माचा माणूस येईल, त्याला उपासनेला थांबवू नका. भाडं घ्या, बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही असा त्यांचा नियमच आहे.