खाणींतील नोकरीचा अर्ज

चंद्रपूर, वणी, उमरेड येथील कोळशाच्या खाणींत नोकरी मिळावी म्हणून पुष्कळ तरुण अर्ज करितात. परंतु “मी कष्टाळू व प्रामाणिक आहें” एवढ्यानें भागत नाहीं. आरंभीं जागेचें नांव लिहावें. सरदाराची जागा असल्यास सरदारीचें, वायुपरीक्षणाचें व प्रथमोपचाराचें प्रमाणपत्र, प्रत्येकाचा क्रमांक व तारीख द्यावी. अनुभव असल्यास खाण, काम व काळ सांगावा. न केलेलें काम मात्र कदापि लिहूं नये. पाळी सुरू होण्यापूर्वीं सरदार खाणीचें छत व आंतील हवा तपासतो. त्याच्या शब्दावर मजूर कामास लागतात. मिथेन वायूस रंग नाहीं, वासहि नाहीं. तो ओळखण्याचें ज्ञान अर्जांत खोटें लिहिल्यास इतरांच्या प्राणांवर बेततें.