शेळ्या राखणाऱ्या कुत्र्याकडेही बघा



गटाचं कर्ज घेऊन आपण शेळ्या घेतो. पशुसखीला बोलावून त्यांना लस देतो, जंताचं औषध पाजतो. पण दिवसा कळपामागे फिरणारा आणि रात्रभर गोठ्यापुढे जागणारा कुत्रा आपल्या हिशोबात कुठेच नसतो. तो आजारी पडला की शेळ्यांना राखण राहत नाही. शिवाय त्याचे काही आजार थेट आपल्या घरात येतात. म्हणून आजचा धडा त्याच्यासाठी.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं

कुत्रा दुखणं अंगावर काढतो. म्हणून भाकरी टाकण्याआधी त्याच्या अंगावरून हात फिरवा.

पाय : बोटांच्या बेचक्यात बाभळीचा काटा, काच, तारेची जखम आहे का बघा. काटा काढून पाय कोमट मिठाच्या पाण्याने धुवा.

कान : पावसाळ्यानंतर गवत वाळलं की कुसळं कानात शिरतात. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल, मान एका बाजूला कलती धरत असेल, तर कानात काडी किंवा तेल घालू नका. डॉक्टरांकडे न्या.

गोचीड : कानामागे, मानेखाली शोधा. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, हाताने चिरडू नका. गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. असं दिसलं तर थांबू नका. गाई-म्हशींवर फवारायचं औषध त्याला अंदाजाने लावू नका. तो अंग चाटतो आणि विषबाधा होते.

जखम : दाताची जखम वरून बारीक पण आतून खोल असते. वरची कातडी भरते अन् आत पू होतो. माशा बसल्या तर अळ्या पडतात. फिनेल, रॉकेल, जळकं ऑइल ओतू नका, डॉक्टरांना दाखवा. बिबट्या मान धरतो, म्हणून मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा आणि आत कातडी सोलली नाही ना, तेही बघा.

ऊन : जोरात धापा टाकत झोकांड्या खात असेल तर लगेच सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला. मग दवाखान्यात न्या.

आणि एक, आपली तापाची किंवा अंगदुखीची गोळी त्याला कधीच देऊ नका. ती त्याच्या जिवावर बेतू शकते.

घरात येणारे दोन आजार

पहिला रेबीज, म्हणजे कुत्रा पिसाळणं. लक्षणं दिसू लागल्यावर यावर इलाज नाही, कुत्र्यालाही नाही अन् माणसालाही नाही. पिल्लू 3 महिन्यांचं झालं की पहिली लस द्या, पुढच्या डोसची तारीख डॉक्टरांना विचारा, मग दरवर्षी. कुणाला कुत्रा चावला किंवा नख लागलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि सगळे डोस पूर्ण करा. "घरचाच कुत्रा आहे, काय होतंय" असं म्हणून थांबू नका.

दुसरा जंताचा. शेळी-मेंढी कापली की कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकतात. त्यात पाण्याच्या गाठी असतील तर कुत्र्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती हातावाटे किंवा भाजीवाटे आपल्या पोटात गेली, तर आपल्याही काळजात, फुप्फुसात तशाच गाठी होतात. म्हणून असे भाग खोल पुरा, कुत्र्याला दर 3 महिन्यांनी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.

बैठकीत काय करायचं?

या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं : आपल्या कुत्र्याला रेबीजची लस शेवटची कधी दिली? ज्यांची राहिली असेल त्यांनी नावं लिहून द्या, म्हणजे पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून सगळ्यांची लस एकाच दिवशी घेता येईल. जनावरांच्या उपचारासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे, तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि शेळ्यांच्या खर्चाच्या वहीत आजपासून एक ओळ वाढवा : राखणदाराची लस.