मुलगा आळशी नाही, हे शाळेला कसं पटवू?

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. तोंडी उत्तरं चटकन देतो. पण वाचताना अडखळतो, लिहिताना अक्षरं गाळतो. बाई सगळ्यांसमोर त्याला ‘आळशी’ म्हणतात, मुलं हसतात. शाळेत तक्रार केली तर राग त्याच्यावरच निघेल, असं ह्यांना वाटतं. काय करू?
– एक आई, ठाणे

उत्तर : आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. मग डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेसाठी, मानसशास्त्रज्ञाकडून चाचण्या करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ही सोय आहे.

अहवाल येईपर्यंत गप्प बसू नका. वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा, तक्रारीचा सूर नको. वह्या दाखवा आणि नेमकं मागा : वर्गात मोठ्यानं वाचायला लावू नये, फळ्यावरचं उतरवायला जादा वेळ द्यावा, काही उत्तरं तोंडी घ्यावीत. ठरलेलं पत्रानं कळवा, पोच ठेवा. फरक पडला नाही तर मुख्याध्यापक आणि त्यापुढे शिक्षणाधिकारी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ती लवकर ओळखणं आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी देणं ही शाळेची जबाबदारी आहे. अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळाल्यावर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात.

त्यामुळे शाळेत तुम्ही मेहेरबानी नाही, मुलाचा हक्क मागता आहात. यजमानांनाही सोबत न्या. आणि ‘तू आळशी नाहीस’ हे मुलाला आजच सांगा. त्यासाठी कुठल्याही अहवालाची गरज नाही.