आर. एस. एस. फीड : ब्लॉगवाचनाची एक सोय

म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकास, केरळच्या सीमेलगत, हेग्गडदेवनकोटे हा तालुका आहे. व्यवहारात त्यास एच. डी. कोटे म्हणतात. वायनाडच्या डोंगरांतून येणारी कबिनी नदी येथे अडविलेली असून तिच्या जलाशयाच्या दोन्ही अंगांस नागरहोळे व बंदीपूर ही अरण्ये आहेत. अशा ठिकाणी विज्ञान शिकविणाऱ्या एखाद्या शिक्षकाची कल्पना करावी. वायनाडातील पाऊस, हत्ती, पक्षिनिरीक्षण यांविषयीचे वीस-पंचवीस ब्लॉग त्यास अध्यापनाकरिता हवे आहेत. शिवाय दोन-चार निव्वळ आवडीचे. कोणी लेखक रोज लिहितो, कोणी दोन महिन्यांतून एकदा. प्रत्येक स्थळ उघडून पाहावे, तर शाळा सुटल्यानंतरचा तास त्यातच जातो आणि बहुतेक ठिकाणी नवे काहीच नसते.

ही अडचण फीडमुळे दूर होते. आर. एस. एस. म्हणजे ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’. (ही आद्याक्षरे मराठी वाचकास अन्य संदर्भात परिचित आहेत, त्याचा येथे संबंध नाही.) ब्लॉगवर लेख चढला की त्याचे शीर्षक, दिनांक, दुवा आणि सारांश किंवा संपूर्ण मजकूर एका साध्या फाइलीत आपोआप नोंदला जातो. ही फाइल म्हणजेच फीड. वाचकाजवळचा ‘फीडवाचक’ नावाचा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने ती मागवितो व नव्या लेखांची यादी मांडतो. ‘मागील भेटीनंतर काही बदलले काय?’ असेही त्यास विचारता येते. बदल नसेल, तर सर्व्हर 304 हा सांकेतिक अंक धाडतो, फाइल पाठवीत नाही. जेथे इंटरनेट मंद चालते, तेथे ही काटकसर मोलाची होय.

आर. एस. एस.चा पहिला आराखडा 1999 साली नेटस्केप कंपनीने प्रसिद्ध केला. आर. एस. एस. 2.0 हे रूप 2002 मध्ये आले आणि त्याच कामाचा ॲटम हा दुसरा आराखडा 2005 मध्ये प्रमाणित झाला. फीडवाचकास दोन्ही कळतात. ब्लॉगचा पत्ता दिला की बहुधा तो फीड स्वतःच शोधतो. वर्डप्रेसवरील ब्लॉग असल्यास पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा इंग्रजी शब्द लिहिला तरी चालते. विकिपीडियातील प्रत्येक लेखाच्या इतिहासासही फीड असते. कबिनीवरील लेखात कोणी काय बदलले, हे विद्यार्थ्यांस दाखविणे हा एक चांगला पाठ होईल.

मात्र फीड निवड करीत नाही. जाणत्याचा लेख आणि ऐकीव गोष्ट ते सारख्याच ओळीत मांडते. पारख शिक्षकानेच करावयाची. उलटपक्षी, समाजमाध्यमांवर काय आधी दिसावे हे कंपनी ठरविते. येथे ते वाचक ठरवितो, आणि यादीही त्याचीच राहते. 2005 मध्ये सुरू झालेले गूगल रीडर 1 जुलै 2013 रोजी बंद झाले, तेव्हा असंख्य वाचकांस दुसरी सोय शोधावी लागली. पण ज्यांनी आपली यादी ओ. पी. एम. एल. या स्वरूपात उतरवून घेतली होती, त्यांनी ती दुसऱ्या फीडवाचकात जशीच्या तशी भरली. शिक्षकाची बदली झाली, तर हीच लहानशी फाइल त्याच्या जागी येणाऱ्यास देता येते. अध्यापनाचे व आवडीचे ब्लॉग आरंभापासून निराळ्या गटांत ठेवले असल्यास ते अधिक सोपे जाते.