दहावीला दोन इंग्रजी, बारावीला एकच

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की चेंबूर परिसरातील आपल्या वस्त्यांमधून, मग ती सिद्धार्थ कॉलनी असो, घाटला असो वा वाशी नाका, पेढे वाटले जातात. ते योग्यच आहे. परंतु अकरावीचे वर्ग सुरू होऊन महिना-दोन महिने लोटले की त्याच घरांतून तक्रार ऐकू येते, "दहावीला इंग्रजीत चांगले मार्क होते, आता कॉलेजात काही कळत नाही म्हणतो." मुलाला कॉलेजचे वारे लागले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. खरे कारण बहुधा निराळे असते. पालक बंधू-भगिनींना ते नीट समजावे म्हणून हा लेख.

दोन पातळ्या कोणत्या?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत इंग्रजी हा विषय दोन पातळ्यांवर असतो. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ती प्रथम भाषा. त्यांचे पाठ्यपुस्तक 'कुमारभारती'. मराठी माध्यमाच्या मुलांना ती तृतीय भाषा. त्यांचे पुस्तक 'माय इंग्लिश कोर्सबुक'. जुन्या पालकांच्या तोंडी यालाच 'हायर' आणि 'लोअर' असे शब्द असत. हीच व्यवस्था उलट बाजूनेही आहे. मराठी माध्यमाला मराठीची 'कुमारभारती', तर इंग्रजी माध्यमाला मराठीची तुलनेने सोपी 'अक्षरभारती'. म्हणजे यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. जी भाषा मुलाने जितकी वापरली, तितकी तिची परीक्षा, हे तत्त्व रास्तच आहे.

अडचण पुढे येते. अकरावी-बारावीला 'युवकभारती' हे इंग्रजीचे पुस्तक सर्वांना एकच. प्रश्नपत्रिका एकच, ८० गुणांची लेखी व २० गुणांची तोंडी परीक्षा एकच. दहा वर्षे सर्व विषय इंग्रजीतून शिकलेली मुलगी आणि इंग्रजी हा केवळ एक विषय म्हणून शिकलेला मुलगा एकाच बाकावर बसतात. दहावीचे ७५ गुण दोघांच्या गुणपत्रिकेत सारखे दिसले, तरी ते दोन निरनिराळ्या मापांनी मोजलेले असतात. हे मुलाला कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे तो स्वतःलाच दोष देतो आणि वर्गात गप्प बसू लागतो.

पातळी कोण ठरवतो?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातही शेवटच्या परीक्षेला एच.एस.सी. असेच म्हणतात. तेथे इंग्रजी सक्तीची आहे, परंतु ती स्टँडर्ड, अॅडव्हान्स्ड अशा पातळ्यांवर घेता येते. अॅडव्हान्स्ड घेणाऱ्यास त्यापुढचा 'एक्स्टेन्शन' अभ्यासक्रमही घेता येतो. ज्यांना इंग्रजी नव्यानेच शिकावी लागली त्यांच्यासाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. आयर्लंडमध्येही शालान्त परीक्षेला ऑर्डिनरी आणि हायर अशा पातळ्या असतात. तेथे शेवटच्या वर्षांत विद्यार्थी आपला वकूब पाहून पातळी निवडतो. आपल्याकडे ती पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी, शाळेच्या माध्यमाबरोबरच ठरून जाते. आणि बहुतेकदा ती घराच्या ऐपतीने ठरते.

कोणती भाषा शिकायची हे दुसऱ्याने ठरवावे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, फारसी घ्यावी लागली. तरीही १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी इंग्रजीवर मिळवलेले प्रभुत्व जगाने पाहिले.

शासनाने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. त्याआधी ती पाचवीपासून असे. आम्ही त्याच पिढीतले. सेमी-इंग्रजीमुळे गणित व विज्ञानाचे शब्द तरी मुलांच्या कानावर पडू लागले. तरीही भाषेच्या पेपरातील अंतर पूर्ण भरून निघालेले नाही.

अंतर कसे भरावे?

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग सुरू व्हायला काही महिने जातात. हाच काळ सोन्याचा आहे. त्यात पुढील गोष्टी कराव्यात.

१) इंग्रजी माध्यमाची नववी व दहावीची 'कुमारभारती' वाचून काढावी. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. दोन पातळ्यांमधील अंतर म्हणजे बव्हंशी हीच पुस्तके होत. रोज दोन पाने, मोठ्याने.

२) रोज एका परिच्छेदाचा सारांश चार ओळींत लिहावा. बारावीला सारांशलेखन व टिपणे काढणे यांवर गुण आहेत आणि पाठांतराने ते मिळत नाहीत.

३) व्याकरण मराठीशी ताडून शिकावे. 'ही इज टू टायर्ड टू वॉक' या वाक्यात 'नॉट' कोठेही नाही, म्हणून मुले अर्थ उलटा लावतात. मराठीत आपण म्हणतो, 'तो इतका थकला आहे की त्याला चालवत नाही.' यातला 'इतका... की' म्हणजे 'सो... दॅट' आणि 'नाही' म्हणजे 'कॅनॉट'. म्हणून रूपांतर होते, 'ही इज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक.' मराठी पक्की असलेल्या मुलाला हा नियम घोकावा लागत नाही.

४) कादंबरीला भिऊ नये. २०२० साली आलेल्या बारावीच्या पुस्तकात ई. आर. ब्रेथवेट यांच्या 'टू सर, विथ लव्ह' या कादंबरीचा भाग आहे. शिकलेला, पात्रता असलेला कृष्णवर्णीय माणूस केवळ रंगामुळे नोकरी नाकारला जातो आणि लंडनच्या गरीब वस्तीत शिक्षक होतो, ही ती कथा. आपल्या मुलांना तिचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. शब्द तेवढे अडतात, आणि शब्दकोश घरात असू शकतो.

५) तोंडी परीक्षेसाठी दोघा-तिघांनी मिळून रोज दहा मिनिटे इंग्रजीत बोलावे. चुकले तर हसू नये, एवढा एकच नियम ठेवावा.

पुढची परीक्षा

बँकेतील माझ्या नोकरीमुळे एक गोष्ट आवर्जून सांगतो. लिपिक भरतीच्या पूर्वपरीक्षेत १०० पैकी ३० गुण इंग्रजीचे असतात. गणित व बुद्धिमापनाचे प्रश्न मराठीतून सोडवता येतात, मात्र इंग्रजीचा विभाग सर्व उमेदवारांना सारखाच. तुमची इंग्रजी प्रथम भाषा होती की तृतीय, हे तेथे कोणी विचारत नाही. बारावीला जे अंतर राहिले, ते तेथे नोकरीच्या आड येते.

म्हणून मंडळांना व विहार समित्यांना विनंती आहे. गुणगौरव समारंभ अवश्य करावेत. त्याचबरोबर निकालानंतरच्या सुटीत विहारात संध्याकाळी तासभर इंग्रजीचा वर्ग चालवावा. आपल्यातील पदवीधर, शिक्षक, बँक व कार्यालयांतील नोकरदार यांनी आठवड्यातून एक दिवस वाटून घेतला तरी सहा दिवसांचा वर्ग सहज उभा राहतो. खर्च फळा, खडू आणि चार शब्दकोशांचा. मराठी शाळेतून आलेले मूल बुद्धीने मागे नसते. त्याला खालच्या पायरीवरून एकदम वरच्या पायरीवर उडी घ्यावी लागते, आणि मधली पायरी बांधून देणे आपल्या हातात आहे.