मेलेला बाँड आणि त्याचे प्रेक्षक

२०२१ साली प्रदर्शित झालेल्या 'नो टाइम टू डाय' या चित्रपटाच्या अखेरीस जेम्स बाँड मरतो. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून चालत आलेल्या मालिकेतला हा पंचविसावा चित्रपट, आणि नायक मरण्याची ही पहिलीच वेळ. मरण अगदी निःसंदिग्ध आहे. बेटावर क्षेपणास्त्रे येऊन आदळतात, लंडनच्या कचेरीत सहकारी त्याच्या आठवणीने पेले उंचावतात. आणि श्रेयनामावली संपता संपता पडद्यावर अक्षरे उमटतात, की जेम्स बाँड परत येईल! पुढच्या बाँडपटाकडून चाहत्यांनी काय अपेक्षा करावी, याचा विचार मला या अक्षरांपासून करावासा वाटतो. नवा नट कोण, ही चर्चा त्यामानाने सोपी आहे.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडिलांना मी ही अडचण समजावून सांगितली, तर त्यांना ती अडचणच वाटली नाही. "दशावतारात संकासूर दर वर्साक मरता, नि फुडल्या जत्रेक परत नाचूक येता," एवढेच ते म्हणाले. हे मला निम्मे पटते. बाँडपट हाही एक विधीच आहे. पिस्तुलाच्या नळीतून दिसणारा माणूस, शीर्षकापूर्वीचे साहस, शीर्षकगीत, 'एम'च्या खोलीत मिळणारी कामगिरी, 'क्यू'ची यंत्रे. हा क्रम चुकला की प्रेक्षक खुर्चीत चुळबुळू लागतो. पण संकासुराला मागचे आयुष्य नसते. बाँडला ते आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

१९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये बाँडचे लग्न होते आणि त्याच दिवशी त्याची बायको ट्रेसी गोळीला बळी पडते. तेव्हाचा नट जॉर्ज लेझनबी या एकाच चित्रपटापुरता बाँड झाला. पुढे १९८१ च्या 'फॉर युअर आईज ओन्ली'च्या आरंभी दुसराच नट, रॉजर मूर, तिच्या कबरीवर फुले घेऊन उभा राहिलेला दिसतो. चेहरा बदलला, जखम तीच राहिली. म्हणूनच चाहत्यांमधला एक लाडका तोडगा मला मान्य नाही. ते म्हणतात, 'जेम्स बाँड' हे माणसाचे नाव नसून हुद्द्याचे नाव आहे. एक गेला की ते दुसऱ्याला मिळते. मेलेल्याला परत आणायला ही युक्ती सोयीची खरी. परंतु हुद्दा विधुर होत नाही. 'स्कायफॉल'मध्ये (२०१२) तर स्कॉटलंडातल्या वडिलोपार्जित घराजवळ त्याच्या आईबापांची कबर दाखवली आहे आणि तिच्यावर बाँड हेच आडनाव कोरलेले आहे. ही युक्ती वापरली तर ही कबर, ती फुले, सारेच पोकळ होऊन जाईल.

मग दुसरी वाट कोणती? ती २००६ साली 'कसिनो रोयाल'ने दाखवली होती. तिथे बाँडला ठार मारण्याचा परवाना नुकताच मिळालेला आहे. आधीच्या चाळीस वर्षांचे काय झाले, याचा खुलासा कोणी करत नाही. 'एम'च्या खुर्चीवर मात्र आधीच्या बाँडच्या काळातल्याच ज्यूडी डेंच! प्रेक्षकांनी एवढी विसंगती सुखाने गिळली. वास्तविक २००५ मध्ये डॅनियल क्रेगचे नाव जाहीर झाले तेव्हा, बाँडचे केस सोनेरी असूच कसे शकतात म्हणून बहिष्काराची भाषा झाली होती. चित्रपट आला आणि ती भाषा विरून गेली. चाहता जे मागतो तेच त्याला हवे असते, असे यावरून तरी दिसत नाही. आताही असाच कोरा आरंभ व्हावा असे मला वाटते. फरक इतकाच की २००६ चा प्रेक्षक सुतकातून उठून आलेला नव्हता. मागच्या मरणाची थट्टा मात्र करू नये; माणसे त्या मरणावर खरोखर रडली आहेत.

१९६२ पासून ब्रोकोली घराण्याकडे असलेली निर्मितीची सूत्रे २०२५ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉन एमजीएम या कंपनीकडे गेली. त्याच वर्षी दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचे आणि पुढे लेखक म्हणून स्टीव्हन नाइट यांचे नाव जाहीर झाले. आता बाँडचा रतीब सुरू होईल, ही चाहत्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. एकोणसाठ वर्षांत पंचवीस चित्रपट, आणि १९८९ नंतर तर तब्बल सहा वर्षे एकही नाही. या वाट पाहण्यातही गंमत होती. शिवाय 'ड्यून'सारखे धीरगंभीर चित्रपट करणारे व्हिलनव्ह बाँडला एखादा विनोद करू देतील ना, ही माझी खासगी काळजी.

राहिली माझी स्वतःची अपेक्षा. १९८३ च्या 'ऑक्टोपसी'साठी बाँड उदयपूरला येऊन गेला. आपले कबीर बेदी त्यात मुठीत फासे चुरडणारे अंगरक्षक झाले, टेनिसपटू विजय अमृतराज सहकारी झाले. पण बाजारातून रिक्षांचा पाठलाग सुरू झाला की वाटेत कोण भेटतात? तलवार गिळणारा, निखाऱ्यांवर चालणारा, खिळ्यांच्या बिछान्यावर निजणारा. त्यातच पैसे देताना करीवरून मारलेला एक टोमणा. या यादीतला एकही माणूस आमच्या तालुक्याच्या बाजारात मला आजवर भेटलेला नाही. पुढचा बाँड इकडे आलाच, तर त्याची मोटार धुरळा उडवीत जाताना रस्त्याकडेला एसटीची वाट बघणारा एखादा साधा माणूस उभा असावा, आणि गाडी कोणती लागली आहे ते बघण्याच्या नादात त्याने बाँडकडे वळूनही पाहू नये.